झाशीला, मुकुंदच्या जिवाणूंना भेटायला

मुकुंद पुराणिकचे जिवाणू मी मारले. हे वाक्य मी झाशीला जाईपर्यंत कुणापुढेही उच्चारलेलं नव्हतं. बायकोपुढेही नाही, आणि माझं बाकी सगळं तिला ठाऊक आहे. सव्वीस वर्षं ते आत राहिलं, आणि आता या लेखाच्या आरंभीच बाहेर येतंय, कारण त्यावाचून मी झाशीला का गेलो ते सांगता येणार नाही. किल्ला पाहायला गेलो नव्हतो. किल्ला पाहिला, पण स्कूटरवर मागे बसून, मान वर करून.

तर आधी गुन्हा, मग झाशी.

पुण्यात आम्ही दोघं एकाच इमारतीच्या तळघरात, शेजारशेजारच्या खोल्यांत संशोधन करत होतो. मी अणुकेंद्रकांवर, तो मैल्यावर. तोच तसं म्हणायचा, ‘‘तू दुनियेतली सगळ्यात छोटी चीज बघतोस, मी सगळ्यात नकोशी.’’ ऑक्सिजन लागला की मरणारे आणि ऑक्सिजन नसेल तिथे मैला पचवून त्याचं पाणी आणि गॅस करणारे जिवाणू तो वाढवत होता. झाशीजवळच्या एका तळ्याच्या तळाचा चिखल पितळी डब्यातून आणून, तीन वर्षं थोडा थोडा गारवा वाढवत नेऊन, कडाक्याच्या थंडीतही काम करतील असे त्याने ते तयार केले होते. माझं यंत्र, म्हणजे किरण टिपणारा डिटेक्टर, द्रवरूप नायट्रोजनने गार ठेवावा लागे. त्या नायट्रोजनची वाफ फुकट जायची. मुकुंदने मधल्या भिंतीला भोक पाडलं, एक रबरी नळी ओवली, आणि माझी फुकट जाणारी वाफ त्याच्या बरण्यांवर पांघरूण घालू लागली. ऑक्सिजन आत येईना. विभागात या नळीचं फार कौतुक झालं.

अडचण एकच होती. नळीचं टोक पाण्यात बुडवलेलं असे आणि ते सतत बुडबुडायचं. त्या बुडबुड्यांनी माझा डिटेक्टर थरथरायचा. तुम्हाआम्हाला कळणार नाही इतकाच. पण अणुकेंद्रकातून येणारा क्षीण किरण टिपायला बसलेल्या माणसाला तो शेजारच्या लग्नातला बँड वाटायचा. मुकुंद एका लग्नासाठी नाशिकला गेला. जाताना म्हणाला, ‘‘बरण्यांकडे लक्ष ठेव यार.’’ तो गेला आणि मी नळी उपसली. छत्तीस तास शांततेत मोजमाप घेतलं आणि रविवारी सकाळी नळी परत जागेवर बसवली.

त्याच्या बरण्यांत एक रंग घातलेला असे. ऑक्सिजन नसेल तर पाणी बिनरंगी, आला तर गुलाबी. सोमवारी सगळ्या बरण्या गुलाबी होत्या आणि गुलाबीच राहिल्या. आमचे सर दोघांचेही विभागप्रमुख. ते म्हणाले, ‘‘पुराणिक, हुशार आहात, पण निष्काळजी.’’ मी तिथेच उभा होतो. मुकुंद म्हणाला, ‘‘गाडीच्या घाईत नळीचं बूच नीट बसलं नसेल माझ्याकडून.’’ मी तेव्हाही तिथेच उभा होतो. त्याची शिष्यवृत्ती पुढे वाढली नाही, झाशीहून वडिलांच्या आजारपणाची पत्रं येत होती, आणि तो परत गेला. त्या छत्तीस तासांतल्या आलेखात मला माझं शिखर, म्हणजे मी शोधत होतो त्या किरणाचा उंचवटा, सापडलं. त्यावर मला डॉक्टरेट मिळाली.

यंदा माघात त्याचा फोन आला. ‘‘आमच्या इथल्या मराठी मंडळात अणुकेंद्रकावर बोल. पंचवीसेक माणसं येतील. समोसे चांगले असतात.’’ मी हो म्हणालो आणि मनाशी ठरवलं, की समोशांच्या आधी सांगून टाकायचं.

सीपरी बाजार

स्टेशनबाहेर तो उभा होता. केस गेलेले, पोट आलेलं, हसू तेच. मिठी मारली, मग स्कूटरकडे वळला. कुलूप काढण्याआधी हँडल धरून हिसका दिला आणि पुटपुटला, ‘‘बंद आहे.’’ पुन्हा हिसका. ‘‘बंद आहे.’’ तिसरा. ‘‘बंद आहे.’’ मग कुलूप काढलं.

‘‘अरे, पण आता उघडायचंच आहे ना?’’

‘‘म्हणूनच. उघडण्याआधी बंद होतं का ते नको बघायला?’’

मी हसलो. तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं.

सीपरी बाजारात ऑटोवाले एकमेकांच्या अंगावर असे येतात की आता भांडण होणार असं वाटतं, आणि काचेतून हात काढून एकमेकांना तंबाखू देतात. अशाच एका देवघेवीतून वाट काढताना माझ्या मांडीवरची पिशवी घसरली आणि पुण्याहून आणलेल्या बाकरवड्या रस्त्यावर पसरल्या. एक पांढरी गाय जणू त्यासाठीच उभी होती. तिने प्लास्टिक बाजूला सारून निवडून निवडून बाकरवड्या खाल्ल्या.

‘‘जाऊ दे, भैया,’’ मुकुंद म्हणाला. ‘‘हिचा मालक शेण आम्हालाच देतो. दोन दिवसांत तुझ्या बाकरवड्या माझ्या सांडपाण्याच्या टाकीत.’’

घरी वृंदावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, दारातच विचारलं, ‘‘भावजी, यांनी स्कूटरला तीनदा विचारलं का, बंद आहेस का म्हणून?’’ मग स्वतःच सांगू लागल्या. गॅस तीनदा, नळ तीनदा, दार तीनदा. ‘‘सिनेमाला जायचं तर आम्ही अर्धा तास आधी निघतो. त्यातली वीस मिनिटं घरातच जातात.’’ वहिनी इथेच वाढलेल्या. रेल्वेत असलेले त्यांचे वडील नागपूरहून बदलून आले ते परत गेलेच नाहीत. त्यांच्या बोलण्यात ‘सैपाक’ असतो आणि लगेच पुढे ‘फटाफट’ही. जेवायला गोळ्यांची आमटी होती, आणि तिच्याशेजारी ताकात भिजवलेले बुंदेलखंडी बरे, म्हणजे आपल्या दहीवड्याचे पातळ ताकातले, मोहरी जास्त झालेले चुलतभाऊ. पुण्यात दहीवड्यावर साखर पडते हे सांगितल्यावर वहिनींनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

जेवताना फडताळात मला माझा प्रबंध दिसला. खाकी कव्हर घालून, वर माझं नाव त्याच्या सुंदर अक्षरात. मुकुंदने तो काढला आणि पान उघडलं. ‘‘हे बघ. ‘श्री. मुकुंद पुराणिक यांच्या सहकार्याबद्दल आभारी आहे.’ इतक्या मोठ्या माणसाच्या पुस्तकात माझं नाव आहे म्हणून मी सगळ्यांना दाखवतो.’’

मी आणखी एक बरा वाढून घेतला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

टाक्यांपाशी

दुसऱ्या दिवशी बबीन्याच्या वाटेने निघालो. लष्करी छावणीतून जाणारा रस्ता इतका गप्प आणि नेटका, की स्कूटरचा आवाजही आपण उगाच केला असं वाटावं. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, दगडांनाही चुना. छावणी संपली की मोठमोठे गोल काळे खडक लागतात, एकावर एक रचलेले, कुणी खेळता खेळता जेवायला उठून गेल्यासारखे. मधेच पळस फुललेला. तिथून पुढे एका कारखान्याची वसाहत आहे आणि तिच्या सांडपाणी केंद्राचा मुकुंद प्रमुख आहे.

मी नाकाला रुमाल लावायच्या तयारीत होतो. तशी वेळच आली नाही. ओल्या मातीचा आणि थोडा गोठ्याचा वास येत होता, एवढंच. तिथला जुना कामगार रामसेवक माझ्या हातातल्या रुमालाकडे पाहून म्हणाला, ‘‘काय भैया, इत्ती दूर सें सूँघबे आए, और नाक बाँधकें?’’

मुकुंदने मला चार टाक्या दाखवल्या. घरांतून आलेला मैला पहिल्या टाकीत शिरतो आणि चौथ्यातून निघालेलं पाणी बागेला जातं. मधलं सगळं काम जिवाणू करतात. नव्या टाकीत ते आपोआप येत नाहीत. जुन्या टाकीतलं पाणी शेणकाल्यात मिसळून आठवडेच्या आठवडे मुरवावं लागतं. ‘‘विरजण,’’ मुकुंद म्हणाला. ‘‘दुसरं काही नाही. फक्त हे दही कुणी मागायला येत नाही.’’ पण येतात म्हणे. दोन वसाहती आणि एक वसतिगृह इथूनच विरजण घेऊन गेले. डिसेंबरात झाशीला दात वाजतात, इतरत्र टाक्या मंदावतात, इथल्या चालू राहतात. त्याच्याकडे रोजच्या तापमानाच्या आणि गॅसच्या नोंदी आहेत, एकवीस वह्या. पदवी राहिली, संशोधन एक दिवसही थांबलेलं नाही.

‘‘मूळ जिवाणू कुठून आणलेस?’’ मी सहज विचारलं.

‘‘अरे, तेच तर! आपलेच आहेत.’’

मग त्याने सांगितलं. पुणं सोडताना त्याला त्यांतली एक गुलाबी बरणी फेकून देववली नव्हती. तो ती तशीच घेऊन आला आणि तळाचा गाळ शेणकाल्यात घालून परसात पुरून ठेवला. चार महिन्यांनी झाकणाखाली बुडबुडे आले. वरचे सगळे मेले होते. तळाच्या गाळात, जिथे ऑक्सिजन पोचला नाही, तिथे मूठभर उरले होते.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! टाकीच्या कठड्यावर वाकून मी त्या काळ्या पाण्याकडे, नातवंडांकडे पाहावं तसा पाहत राहिलो. मेले नव्हते! सव्वीस वर्षं ज्यांच्या खुनाचं ओझं वाहिलं, ते इथे निवांत जेवत होते. आणि मग, खरं ते लिहितो, माझ्या मनात आलं की आता सांगायची गरज उरली नाही. कुणाचं काही बिघडलंच नाही. गप्प राहायला इतकं चांगलं कारण मला याआधी कधी मिळालं नव्हतं.

निघायच्या वेळी रामसेवक मुख्य व्हॉल्व्हपाशी गेला. चाक धरून जोर लावला आणि मोठ्याने ओरडला, ‘‘बंद है!’’ पुन्हा, ‘‘बंद है!’’ तिसऱ्यांदा. मुकुंदने प्रत्येक वेळी मान डोलावली.

‘‘इथला नियम आहे,’’ मुकुंद म्हणाला. ‘‘नवा माणूस आला की मी त्याला माझी गोष्ट सांगतो. एका बुचापायी माझी तीन वर्षं कशी गेली. एकदा बघणारा माणूस बघत नाही, नुसता मानून चालतो. मी मानून चाललो होतो.’’

रामसेवक त्याच्या बुंदेलीत, जिथे ‘दार’ म्हणजे ‘वेळा’, म्हणाला, ‘‘साब ने एक दार गलती करी, हम सब तीन दार भुगत रए।’’ सगळे हसले. मुकुंद सर्वांत जास्त हसला.

मला आदल्या दिवशीचं स्कूटरचं हँडल आठवलं. गॅस, नळ, दार, वहिनींची वीस मिनिटं. जिवाणू वाचले होते. पण मी दुसरंच काहीतरी मोडून ठेवलं होतं, आणि तो ते सव्वीस वर्षं रोज तीन-तीनदा तपासत होता.

मंडळ

भाषण त्याच संध्याकाळी होतं. मी मराठीत बोलत होतो, ज्येष्ठ मंडळी मराठीत माना डोलवत होती आणि तरुण मंडळी हिंदीत प्रश्न विचारत होती. मी सांगितलं, की ऊर्जा मिळालेलं अणुकेंद्रक जिन्याच्या वरच्या पायरीवर चढून बसतं. उतरताना किरण टाकतं. बहुतेक केंद्रकं डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी खाली येतात. पण काही अशी असतात की ती वर अडकून बसतात, तास, दिवस, काही तर वर्षानुवर्षं. माझा सगळा अभ्यास अशाच अडकलेल्यांचा.

मुकुंदची मुलगी पुढेच बसली होती. तिला मराठी समजतं, पण बोलायला लाजते. ‘‘अंकल, क्यों अटक जाते हैं? नीचे आना तो आसान होना चाहिए।’’

‘‘त्यांचं स्वतःभोवतीचं फिरणं आणि खालच्या पायरीवरचं फिरणं यांत फार फरक असतो. एका उडीत तेवढा बदल जमत नाही.’’

‘‘लेकिन उतरते तो हैं?’’

‘‘उतरतात.’’

‘‘पक्का?’’

‘‘पक्कं,’’ मी म्हणालो आणि पाणी प्यायलो. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी विचारलं, की वाटेत थांबे किती आणि लेट किती होतं. समोसे खरोखरच चांगले होते. आत वाटाणा होता, बटाटा नावापुरता.

कडुनिंबाखाली

तिसऱ्या दिवशी रामसेवकने पाहुण्यासाठी केंद्रावरच गक्कड केले. कणकेचे जाड गोळे शेण्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि भाजलेल्या वांग्याच्या भरताबरोबर खायचे. चार पावलांवर टाक्या, त्यांच्यातही शेण. इथे निखाऱ्यातही शेण. पुण्यातल्या माझ्या सोसायटीत कुणाला सांगितलं तर जेवण सोडून उठतील. मी पाच खाल्ले. भरतातल्या हिरव्या मिरचीने डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच पाण्याच्या आडून मी म्हणालो, ‘‘मुकुंद, बूच नीट बसलेलं होतं.’’

‘‘कुठलं बूच?’’

‘‘पुण्याचं. तू नीट लावलं होतंस. नळी मी काढली होती.’’

रामसेवक ताटं उचलत होता, तो ती घेऊन हळूच नळाकडे गेला. मी सगळं सांगितलं. बुडबुडे, थरथर, शनिवार, रविवार. सर बोलले तेव्हा मी तिथेच उभा होतो, तेही.

मुकुंदने एक काडी उचलली. मग विचारलं, ‘‘किती तास?’’

‘‘छत्तीस.’’

‘‘तरीच. छत्तीसमधे तळ वाचतो.’’ त्याने काडीने राख उकरली. ‘‘मी हिशेब करायचो. ढिल्या बुचातून एवढा ऑक्सिजन दोन दिवसांत जाईल कसा? जमतच नव्हतं. मग म्हणायचो, बूच पूर्णच उघडं राहिलं असेल माझ्याकडून.’’ काडी निखाऱ्यात टाकून, ‘‘आणि तुला काय मिळालं?’’

‘‘एक शिखर.’’

‘‘साफ आलं होतं?’’

‘‘एकदम साफ.’’

‘‘चला,’’ तो म्हणाला, आणि उठून टाक्यांभोवती एकटाच फेरी मारायला गेला. एक फेरी झाली, दुसरी झाली. मी माझ्या आयुष्यात कुठल्याही मोजमापाकडे इतकं लक्ष देऊन बघितलं नसेल.

परत आला तेव्हा निघायची वेळ झाली होती. व्हॉल्व्हपाशी थांबून त्याने चाकाला एकदा हात लावला. ‘‘बंद है,’’ म्हणाला आणि फाटकाकडे चालू लागला.

रामसेवक हादरला. ‘‘साब! तीन दार?’’

‘‘आज एक बार।’’

रामसेवकने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या साहेबाला काही खायला घातलं होतं. मग तो स्वतः चाकाकडे गेला आणि राहिलेल्या दोन वेळा पुऱ्या करून आला.

घरी जेवताना मुकुंद माझ्याशी बोलला नाही. मीठ हवं असलं तर वहिनींना मागायचा आणि ते माझ्यापुढेच असायचं. वहिनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. तो हात धुवायला गेल्यावर मी त्यांनाही सांगितलं. वहिनींनी पोळीवर तूप घालता घालता हात थांबवला.

‘‘म्हणजे माझी ती सगळी वीस-वीस मिनिटं तुमच्यामुळे?’’

‘‘हो.’’

‘‘दुष्ट आहात,’’ त्या म्हणाल्या, आणि आणखी एक पोळी वाढली. ‘‘हे खूप दिवसांचं आहे, भावजी, पटकन नाही उतरणार. पण बरं केलंत. आमच्या मुलीने कॉलेजात एकदा बीकर फोडला तेव्हा हे रात्रभर जागले होते. म्हणाले, माझाच निष्काळजीपणा उतरलाय तिच्यात.’’

ती पोळी मला संपवता आली नाही.

परत

सकाळी मुकुंद स्टेशनवर सोडायला आला. निघताना दाराचं कुलूप त्याने एकदाच ओढलं. वहिनी खिडकीतून बघत होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला की नमस्कार केला, मला नीट दिसलं नाही. स्टेशनवर स्कूटर लावून दहा पावलं आला आणि परत फिरला. हिसका दिला. दोनदा.

‘‘आदत आहे यार,’’ तो म्हणाला. आदल्या दुपारनंतर माझ्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

गाडी आली. त्याने माझी बॅग वर चढवली आणि खिडकीशी उभा राहिला. ‘‘सर आहेत ना अजून?’’

‘‘आहेत. थकलेत, पण कान आणि डोकं शाबूत आहे.’’

‘‘दरवर्षी दिवाळीला फोन करतो मी त्यांना. दरवर्षी म्हणतात, ‘पुराणिक, तुम्ही हुशार होतात.’ पुढचं बोलत नाहीत. मला ऐकू येतं.’’ गाडीने शिट्टी दिली. ‘‘त्यांना सांग. फोनवर नको. जाऊन, समोर बसून सांग.’’

‘‘सांगतो.’’

‘‘तुला मी माफ केलं की नाही ते मलाच अजून ठाऊक नाही, समजलं का? पण गक्कड पाच खाल्लेस, ते आवडलं.’’ आणि तो हसला. पूर्ण नाही, पण त्याचंच हसू. गाडी हलली. मागच्या बाजूला खडक, मग पळस, मग नुसती गव्हाची शेतं.

झाशीला कुणी गेलात तर किल्ला जरूर बघा. मी चढलो नाही म्हणून तुम्ही राहू नका. ताकातला बरा खा. बाकरवड्यांची पिशवी मात्र घट्ट धरा.

परत येऊन मला तीन आठवडे झाले. बायकोला सांगितलं. आता हे लिहूनही काढलं. पण लिहिताना समोर कोरा कागद असतो आणि तो ‘निष्काळजी’ म्हणत नाही. सर माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर राहतात. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो आहे.

त्यांच्यासमोर बसून मला एवढंच सांगायचं आहे, की पुराणिक निष्काळजी नव्हते, नळी मी काढली होती. ते अजून सांगितलेलं नाही.